श्वासाचा बंदोबस्त : संसर्गजन्य रुग्णाला तातडीच्या शस्त्रक्रियेत भूल कशी देतात

रात्रीचे अकरा वाजलेत. जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण गुडघे पोटाशी घेऊन पडला आहे. पोटाला हात लावावा तर ते फळीसारखं कडक. सर्जन उभ्याने एक्स-रे काढायला सांगतात. फिल्म उजेडासमोर धरली की उजवीकडे, यकृताच्या वर, चंद्रकोरीसारखी एक काळी पट्टी दिसते. आतड्याला किंवा जठराला भोक पडलंय आणि आतली हवा पोटात सुटलीय. आता नजर त्याच फिल्मवर थोडी वर न्या. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला एक पोकळी आहे. शेजारी बसलेल्या आईला विचारल्यावर ती सांगते, दोन-अडीच महिन्यांपासून खोकला आहे, संध्याकाळी कणकण येते, पँट कमरेला राहत नाही.

एकाच फिल्मवर दोन निरोप आहेत. खालचा म्हणतो, आत्ताच्या आत्ता पोट उघडा. वरचा म्हणतो, जरा थांबा, हा माणूस खोकतोय ती हवा साधी नाही.

हा पेशंट मी कल्पनेने उभा केला आहे, पण ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीत, रात्री काढलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. जगातले साधारण चतुर्थांश क्षयरोगी आपल्या देशात आहेत आणि आतड्याचा क्षय हे आपल्याकडे आतडं फुटण्याचं एक नेहमीचं कारण आहे. त्यामुळे ‘पोट फुटलंय आणि छातीत टीबी’ ही जोडी काही दुर्मिळ नव्हे. कोविडने हा प्रश्न घराघरात नेला एवढंच. भूलतज्ज्ञांना तो आधीपासून माहीत होता.

थांबता येत नाही, याचं गणित सोपं आहे. क्षयाची औषधं सुरू केली तर रुग्णाकडून होणारा संसर्ग चांगलाच कमी व्हायला साधारण दोन आठवडे जातात. फुटलेलं आतडं दोन दिवसही देत नाही. घाण पोटभर पसरते, जंतू रक्तात जातात, रक्तदाब कोसळतो, लघवी बंद होते. म्हणून ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ती पुढे ढकलतात, आणि ही ढकलत नाहीत. थुंकीत क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी साधारण दोन तासांत उत्तर देते, मग निदान तेवढं तरी थांबावं का? मुद्दाम थांबत नाहीत, पण तास-दोन तास तसेही जातातच. सलाईन भरायचं, अँटिबायोटिक द्यायचं, नाकातून जठरात रायल्स ट्यूब घालायची, लघवीची नळी घालायची, रक्ताची सोय बघायची, संमतीपत्रावर सही घ्यायची. थुंकी त्याच वेळात पाठवून देतात, मात्र रिपोर्टवर काही अडवून ठेवत नाहीत. रिपोर्ट येईपर्यंत ‘आहेच’ असं धरून चालायचं.

आता ओटीत शिरण्याआधी ती खोली कशी बांधलेली असते ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. चांगल्या ओटीत छतातून गाळलेली हवा खाली सोडतात. ती हेपा फिल्टरमधून येते, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणाऱ्या गाळणीतून. खोलीतला हवेचा दाब बाहेरच्या व्हरांड्यापेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवतात. दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते आणि बाहेरची धूळ, जंतू आत येत नाहीत. उघड्या जखमेसाठी याहून चांगली व्यवस्था नाही.

पण आपल्या या तरुणासाठी? तो टेबलावर खोकला तर तीच व्यवस्था त्याचा श्वास दाराच्या फटीतून व्हरांड्यात ढकलते. जगातली जवळपास सगळी ओटी रुग्णाला आपल्यापासून वाचवायला बांधलेली आहे. आज आपल्याला रुग्णापासून वाचायचंय, आणि त्याच वेळी त्याच्या जखमेला आपल्यापासून वाचवायचंय. वारा एकाच वेळी दोन दिशांना वाहवायचा, असा हा पेच आहे.

मास्कचंही तसंच. हिरवा किंवा निळा सर्जिकल मास्क मुळात सर्जनच्या तोंडातले तुषार जखमेत पडू नयेत म्हणून आला. घालणाऱ्याला तो पुरेसा वाचवत नाही, कारण गालाजवळच्या फटींतून हवा सरळ आत येते. एन-९५ मात्र घालणाऱ्यासाठी आहे. त्याच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. म्हणूनच तो साबणाने धुतला की निकामी होतो. दाढीवर तो नीट बसत नाही, आणि नीट न बसलेला एन-९५ म्हणजे महागडा सर्जिकल मास्क. आणखी एक गंमत म्हणजे समोर गोल झडप असलेला एन-९५ ओटीत चालत नाही. झडपेतून डॉक्टरचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो, तोही थेट उघड्या पोटावर. २०२० साली असे झडपवाले मास्क लोक अभिमानाने मिरवत होते.

पण क्षय खरोखर हवेतून पसरतो का, की थुंकीचे थेंब अंगावर उडाले तरच? यावर बराच काळ वाद होता. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी तो निकालात काढला. क्षयाच्या वॉर्डमधली हवा त्यांनी नळकांड्यातून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे गिनीपिग ठेवले. त्या गिनीपिगांनी एकाही रुग्णाचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी त्यांना क्षय झाला. पुढे ज्या गटाकडे अतिनील प्रकाशातून काढलेली हवा सोडली, तो गट बचावला. म्हणजे थेंब सुकतो आणि मागे एक ते पाच मायक्रॉनचा कण उरतो. तो इतका हलका असतो की जमिनीवर न बसता तासन्‌तास तरंगतो आणि इतका लहान की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. अशा कणाला सहा फुटांचं अंतर माहीत नसतं.

शस्त्रक्रियेत या हवेच्या सगळ्यांत जवळ कोण असतं? सर्जन पोटाशी उभा असतो. रुग्णाच्या तोंडाशी, हातभर अंतरावर, वाकून उभा असतो तो भूलतज्ज्ञ. २००३ साली सार्सची, म्हणजे कोविडच्याच कुळातल्या श्वसनरोगाची, साथ आली तेव्हा जगभरच्या आठ हजारांवर रुग्णांमध्ये दर पाचातला एक आरोग्य कर्मचारी होता, आणि श्वासनलिकेत नळी घालणाऱ्यांना इतर कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त धोका असल्याचं नंतरच्या पाहण्यांत दिसलं.

मग नळी टाळावी हा पहिला विचार. कमरेतून बारीक सुई घालून पाठीत भूल दिली की रुग्ण स्वतःच श्वास घेत राहतो, त्याच्या तोंडावर मास्क राहतो, तोंडात कुणाला काही घालावं लागत नाही. कोविडच्या काळात पॉझिटिव्ह मातांची बहुतेक सिझेरियन अशीच पाठीतल्या भुलेवर झाली, आणि तोच मार्ग शहाणपणाचा होता. हात-पाय मोडलेल्या माणसाला नुसत्या त्या भागाच्या नसा बधिर करूनही काम भागतं. आपल्या तरुणाला मात्र हे सहसा नाही. पाठीतल्या भुलेने पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो, आणि याचा रक्तदाब आधीच काठावर आहे. शिवाय पोट वरपासून खालपर्यंत उघडून धुवायचंय. त्याला पूर्ण भूल हवी, म्हणजे श्वास द्यायला नळी आली.

नळी घालण्याआधीचा अर्धा तास बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्यासारखा वाटतो. खरं काम तेव्हाच होतं. खोलीतल्या नको त्या ट्रॉल्या बाहेर काढतात, कारण जे आत राहील ते सगळं नंतर पुसावं लागणार. औषधं सिरिंजमध्ये भरून, चिठ्ठ्या लावून एका ट्रेमध्ये ठेवतात, म्हणजे मध्येच कपाट उघडायला नको. आत किती माणसं, कोण काय करणार, नळी पहिल्या झटक्यात गेली नाही तर पुढे काय, हे सगळं मोठ्याने बोलून घेतात. एरवी शिकणाऱ्या डॉक्टरला नळी घालायची संधी देतात. आज नाही. आज खोलीतला सगळ्यांत मुरलेला हात पुढे. रुग्णाला सर्जिकल मास्क लावून वॉर्डातून थेट ओटीच्या टेबलावर आणतात. बाहेरच्या बाकड्यावर, इतर रुग्णांच्या रांगेत बसवत नाहीत.

मग पहिली पायरी. घट्ट बसलेल्या मास्कमधून तीन ते पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत चार भाग नायट्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असतो. फुप्फुसातला नायट्रोजन धुऊन काढून तिथे ऑक्सिजन भरला की श्वास थांबल्यावरही शरीराकडे शिदोरी राहते. साध्या हवेवर असलेल्या माणसाचा श्वास थांबवला तर मिनिटा-दीड मिनिटात ऑक्सिजन घसरायला लागतो. शिदोरी बांधून दिली तर निरोगी प्रौढ सात-आठ मिनिटं तग धरतो. पोकळी पडलेल्या फुप्फुसाच्या, तापाने फणफणलेल्या माणसाची शिदोरी त्याच्या अर्धीही नसते, पण जी असते तीच कामाला येते.

कारण एरवी श्वास थांबल्यावर भूलतज्ज्ञ पिशवी दाबून तोंडावाटे हवा भरतात, आणि तेव्हा मास्कच्या कडेने ती हवा बाहेर फुसफुसते. आज पिशवी शक्यतो दाबायची नाही. शिरेतून झोपेचं औषध आणि लगेच पाठोपाठ स्नायू सैल करणारं. स्कोलीन असेल तर पाऊण ते एक मिनिट लागतं, रोक्युरोनियमचा मोठा डोसही जवळपास तेवढ्याच वेळात काम करतो. ही पद्धत मुळात भरल्या पोटाच्या रुग्णासाठी आहे, जठरातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. आपल्या तरुणाला ती तशीही लागलीच असती, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत अवघड मिनिट हे. काही करायचं नसतं, फक्त थांबायचं असतं. औषध पूर्ण चढण्याआधी, तिसाव्या सेकंदाला घाईने लॅरिंगोस्कोप (नळीची वाट दिसावी म्हणून वापरायचं अवजार) तोंडात घातला तर रुग्ण खोकतो, आणि तो खोकला हातभर अंतरावरच्या चेहऱ्यावर येतो. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट जाऊ द्यावं लागतं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर उत्तम. त्याच्या टोकाला कॅमेरा असतो, त्यामुळे रुग्णाच्या तोंडात डोकवावं लागत नाही, मान मागे ठेवून पडद्यावर बघता येतं. नळी गेली की आधी तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवायचा, म्हणजे नळीच्या बाजूने हवा बाहेर येणार नाही, आणि मगच श्वास द्यायचा. क्रम उलटा झाला तर इतका वेळ केलेलं सगळं वाया. नळी योग्य जागी आहे की नाही हे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून कळतं. पीपीईच्या टोपीत स्टेथोस्कोप कानाला लागतच नाही, हे २०२०च्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळून चुकलं.

त्या उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट. तैवानमधल्या लाय श्येन-युंग या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची पारदर्शक पेटी बनवली, हात घालायला दोन भोकं असलेली. स्वस्त, सोपी, कुठेही बनवता येण्याजोगी. आपल्याकडेही ॲक्रिलिकवाल्यांकडून अशा पेट्या धडाधड तयार झाल्या. मागाहून तपासलं तेव्हा दिसलं की पेटीत हात अडखळतात, नळी घालायला वेळ जास्त लागतो, पीपीईच्या बाह्या फाटतात, आणि हवा पेटीत थांबत नाहीच, भोकांतून बाहेर येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने हवा ओढून घेण्याची सोय नसलेल्या पेट्यांची तातडीची परवानगी मागे घेतली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या गटाने ओटीत प्रत्यक्ष कण मोजले. नळी घालताना उडालेले कण एका साध्या खोकल्याच्या कितीतरी पट कमी निघाले. नळी काढताना मात्र ते घालतानाच्या दहापटीहून जास्त होते, तरीही खोकल्यापेक्षा कमीच. याचा अर्थ नळी निर्धोक आहे असा मी काढणार नाही. ती मोजणी चांगल्या हवेच्या ओटीत, नीट भूल दिलेल्या, स्नायू पूर्ण सैल झालेल्या रुग्णांवर होती. मला तिच्यातून एवढंच दिसतं की ज्याला आपण नळीची भीती म्हणतो ती मुळात खोकल्याची भीती आहे. खोकला आवरला की बरंच काही आवरलं.

नळी गेली आणि भुलेच्या मशीनला जोडली की चित्र बदलतं. आता रुग्णाचा प्रत्येक श्वास बंद नळ्यांमधून जातो-येतो. उच्छ्वास सोडालाइमच्या दाण्यांतून जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेली हवा पुन्हा त्याच रुग्णाकडे येते. म्हणजे हा तरुण आता खोलीला वॉर्डातल्यापेक्षा कमी धोकादायक आहे. धोका मशीनला आणि उद्या सकाळी त्याच मशीनवर येणाऱ्या हर्नियाच्या आजोबांना. म्हणून रुग्णाची नळी आणि सर्किट, म्हणजे मशीनच्या नळ्या, यांच्यामध्ये तळहातात मावेल एवढा फिल्टर बसवतात, आणि उच्छ्वास मशीनमध्ये शिरतो त्या तोंडाशी दुसरा. वायू तपासायची बारीक नळीही फिल्टरच्या मशीनकडच्या बाजूने काढतात, म्हणजे नमुनाही गाळूनच येतो. सर्किट कुठेही सोडवायची वेळ आली तर फिल्टर रुग्णाकडच्या बाजूला राहिला पाहिजे आणि नळी आधी चिमट्याने बंद केली पाहिजे. काही शेकड्यांत मिळणारी ही वस्तू आहे, आणि ‘एकाच पेशंटला तर वापरला होता’ म्हणून ती पुन्हा वापरणं हा कंजूषपणाचा सगळ्यांत महाग प्रकार.

जंतू फक्त हवेतूनच जात नाहीत, हेही सांगायला हवं. २००८ साली अमेरिकेत लास वेगासच्या एका एंडोस्कोपी केंद्रात हेपटायटिस सीचे रुग्ण अचानक सापडू लागले. शोध घेतल्यावर कळलं की भुलेचं औषध वाढवून द्यायचं असलं की सुई नवी घेत होते, पण सिरिंज तीच वापरून पुन्हा बाटलीत घालत होते. मग त्याच बाटलीतलं औषध पुढच्याला. ४० हजारांहून अधिक लोकांना ‘तपासून घ्या’ अशी पत्रं गेली. तेव्हा एक सिरिंज, एक रुग्ण, एकदाच. आणि उलट दिशेने, रुग्णाकडून डॉक्टरकडे, सुई टोचली तर? एचआयव्हीचा धोका साधारण हजारात तीन, आणि लस न घेतलेल्याला हेपटायटिस बीचा त्याच्या कित्येक पट. टोचल्यावर एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते. सुईला टोपण परत लावू नका, असं ओटी सिस्टर दिवसातून दहा वेळा ओरडतात ते उगीच नाही.

पोट उघडलं, घाण धुतली, फुटलेला भाग काढला, आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर आणलं. ही सर्जनची कथा, ती वेगळी. आपण पुन्हा डोक्याकडे येऊ, कारण आता नळी काढायची की ठेवायची हा प्रश्न आहे. शुद्धीवर येणारा माणूस नळीला खोकतोच. निरोगी रुग्णात हा खोकला चांगलं लक्षण मानतात. इथे तो टाळायचा असतो, म्हणून शिरेतून थोडं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध किंवा वेदनाशामक देऊन जागं होणं मऊ करतात, आणि नळी निघताक्षणी तोंडावर मास्क. हे सगळं ओटीतच, दार बंद करून. जिथे इतर चार जण शुद्धीवर येत असतात त्या रिकव्हरी रूममध्ये तर मुळीच नाही. आपला तरुण रात्रभर अजून अस्थिर आहे, म्हणून त्याला नळी आणि फिल्टरसकट आयसीयूच्या वेगळ्या खोलीत नेतात.

मागे राहिली रिकामी ओटी. लिफ्टचं दार लागेपर्यंत मावशी पोछा घेऊन आत शिरलेल्या असतात, आणि चूक नेमकी इथे होते. हवा बदलायला वेळ लागतो. ताशी २० वेळा हवा बदलणाऱ्या ओटीत तरंगणारे ९९ टक्के कण जायला सुमारे १४ मिनिटं लागतात, ९९.९ टक्क्यांना २१. पण आपल्या कितीतरी ओटींत भिंतीवरचा घरगुती एसी असतो. तो खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, बदलत नाही. हवा ताशी दोनदा बदलत असेल तर तेच ९९ टक्के जायला दोन तासांहून अधिक लागतात. असा रुग्ण दिवसाच्या यादीत शेवटी घ्यावा असं सांगतात ते यासाठी. फॉर्मेलीनचा धूर करून ओटी ‘शुद्ध’ करायची जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून तो परिणामकारक वाटतो, पण दार बंद ठेवून थांबणं आणि पृष्ठभाग जंतुनाशकाने नीट पुसणं याला तो पर्याय नाही. आणि मावशींना लवकर आत जावंच लागलं तर त्यांच्या तोंडावर तोच एन-९५ हवा जो भूलतज्ज्ञाच्या होता. बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला पातळ निळा मास्क येतो.

पहाटे सीबीनॅटचा रिपोर्ट हातात पडतो. क्षयाचे जंतू आहेत, रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालेल. ओटीतली सहा माणसं एव्हाना हात धुऊन चहा पितायत. प्रत्येकाने रात्री या तरुणाच्या हवेत तीन-चार तास काढले, तेही मास्क, फिल्टर आणि बदलत्या हवेच्या पहाऱ्यात. बाहेर बाकड्यावर त्याची आई पदर डोक्यावर घेऊन बसलेली आहे. ती एका खोलीच्या घरात, खिडकी लावून, अडीच महिने त्याच्या शेजारी झोपली आहे. सिस्टर तिला उठवतात आणि छातीचा फोटो काढायला चला म्हणतात.